फळीवरची दहावी जागा

१

फांगालोतो या आमच्या बेटावरच्या गावात मंगळवार उजाडला की नवरेमंडळी आपली न्याहारी आपणच शोधायची. बायका हॉलवर गेलेल्या असायच्या.

चर्चच्या मागच्या या हॉलमध्ये सालीचं कापड व्हायचं. झाडाची साल महिनोन्‌महिने कुटून, वाळवून तिचे पातळ पदर घरोघरी तयार असायचे. मंगळवारी ते आणून लांब फळीवर पसरायचे, उकडलेल्या कसाव्याच्या कंदाच्या खळीनं एकमेकांवर चिकटवायचे आणि फळीवर बांधलेल्या ठशांची नक्षी रंगाच्या बोळ्यानं घासघासून वर आणायची. फळी मधे फुगीर होती, पालथ्या होडीसारखी. तिच्या एका बाजूला पाच जणी, समोर पाच जणी. समोरासमोरच्या दोघींची जोडी, आणि पट्ट्याचा आपल्या बाजूचा अर्धा भाग जिनं तिनं घासायचा. एक पट्टा झाला की कापड पुढं ओढायचं, कडेला आकडा घालायचा आणि पुढचा पट्टा घ्यायचा. असे पन्नास पट्टे झाले की लग्नाजोगं कापड होतं.

यंदा मात्र बायका नऊच होत्या. लेसिएलीच्या समोरची जागा रिकामी होती.

ती जागा तोआकासेची. लेसिएलीच्या बापाची थोरली बहीण. गाव तिला आत्याबाई म्हणायचं, आणि आत्याचा शब्द आपल्याकडं आईबापाच्याही वर असतो, तेव्हा ही बाई तीस वर्षं मंडळावर कशी राज्य करत होती ते वेगळं सांगायला नको. डावखुरी. तोंडानं तिखट. समोरचीचा हात ढिला पडला की बोटांच्या पेरांनी फळीवर दोनदा ठोकायची. ठक ठक. तो ठोका लाकडातून थेट मांडीत शिरायचा. तीन महिन्यांपूर्वी ती गेली. लेसिएलीनं तिच्या दुखवट्यात कापलेले केस अजून जेमतेम कानापर्यंत आले होते.

या मंडळाचा एक जुना नियम होता. जागा हातानं द्यायची. जुन्या बाईनं नवीचं मनगट धरून तिच्याकडून एक पट्टा घासून घ्यायचा, मग ती जागा नवीची. अशी न दिलेल्या जागेवर कोणी बसायचं नाही. आत्याबाई जागा न देताच गेल्या होत्या. म्हणून लेसिएली आपला अर्धा भाग घासून झाला की उठायची, फळीला वळसा घालून पलीकडं जायची आणि रिकाम्या जागेपाशी उभ्यानंच वाकून तिकडचा अर्धाही घासायची. तिचे गुडघे त्यासाठी तिला दर मंगळवारी शिव्या घालत होते.

"चालली बघा आमची आगबोट," पिसिला म्हणायची. पिसिला म्हणजे रिकाम्या जागेच्या शेजारची, पिंपासारखी बाई, गावातला सगळ्यात मोठा आवाज. "अगं, अशानं कापड होण्याआधी तूच झिजशील."

त्या दिवशी तिसावा पट्टा चालला होता. गाणं रंगात होतं, कारण लोसालिनेनं आपल्या दिराच्या दातांवर एक नवीन कडवं रचलं होतं आणि बायका हसून हसून रंग सांडत होत्या. लेसिएली डोळे पुसत उठली, वळसा घालून पलीकडं गेली, वाकली, आणि तिचा हात तसाच राहिला.

तिकडचा अर्धा भाग घासून झाला होता.

२

"पिसिला, तू केलंस का गं हे?"

"मी? मला माझंच बूड हलवायला अर्धा तास लागतो."

पलीकडची लोसालिने पण नाही म्हणाली. तिचं सगळं लक्ष दिराच्या दातांवर होतं. मग लेसिएलीनं स्वतःची समजूत घातली की आपणच मघाशी येऊन घासून गेलो असू. पन्नाशी उलटली की माणूस चहा पिऊनही प्यायलो नाही म्हणतं. तिनं पट्ट्याला आकडा घातला, कापड ओढलं.

एकतिसावा पट्टाही पलीकडून झालेला. आणि नीट पाहिलं तर घासल्याच्या रेषा उलट्या तिरक्या होत्या. उजव्या हाताच्या रेषा एकीकडं कलतात, डाव्या हाताच्या दुसरीकडं. त्या हॉलमध्ये डावखुरं कोणीच उरलं नव्हतं.

लेसिएली घाबरली. पण खरं सांगायचं तर भीती वाटण्याच्या आधी, अगदी डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ, तिला आनंद झाला होता. त्याची तिला फार लाज वाटली.

ती हिशेबी डोक्याची बाई. पुढच्या मंगळवारी तिनं काम सुरू होण्याआधी आत्याबाईंचा जुना बोळा, कोरडा खडखडीत, त्यांच्या जागेवरून उचलला आणि आपल्या पिशवीत घातला. पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली आणि स्वतः अशी बसली की ती सारखी डोळ्यांसमोर राहील. दुपारपर्यंत पिशवीजवळून माशीसुद्धा गेली नाही. पाच पट्टे झाले. पाचही पलीकडून झालेले. घरी निघताना तिनं पिशवी काढली तर खालून थेंब गळत होता. आत बोळा रंगानं चिंब होता, आणि तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या.

ती खुर्चीवर बसली. हॉल रिकामा होता, उन्हानं भरलेला, खिडकीतून डुकरांचं हुंदडणं ऐकू येत होतं. भूतबित म्हणावं असं त्या दुपारीत काहीही नव्हतं.

"कशाला आलात आता?" ती रिकाम्या जागेकडं पाहून म्हणाली. उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिनं ते मोठ्यानं विचारलं.

आजारपणात आत्याबाईंनी तिला दोनदा बोलावून सांगितलं होतं, मला हॉलवर ने, मला जागा द्यायचीय. कोणाला, ते सांगितलं नव्हतं. आणि लेसिएली म्हणाली होती, "येत्या मंगळवारी नेते हं." लेसिएलीचं सगळं येत्या मंगळवारी असायचं. गळकं छप्पर येत्या मंगळवारी. दात काढणं येत्या मंगळवारी. पिसिलाची सून मनूसिऊ वर्षभर दारात उभी राहून विचारत होती, मला कधी शिकवणार, तिलाही येत्या मंगळवारी. हॉल वापरायला देणारं शहरातलं कार्यालय दर वर्षी एक कागद पाठवायचं. शिकणाऱ्या नव्या बायका किती? तिथंही लेसिएली लिहायची, येत्या मंगळवारपासून. यंदा त्यांनी उलट लिहिलं होतं की शिकणारं कोणी नसेल तर वर्षअखेर हॉल दुसऱ्या कामाला देऊ.

आत्याबाई सोमवारी गेल्या होत्या.

३

सदतिसाव्या पट्ट्याच्या दिवशी सिनीवा आली. लेसिएलीच्या भावाची मुलगी, ऑकलंडला बस चालवायची, आणि हे कापड तिच्याच लग्नाचं. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. विमानतळावरून ती घरी न जाता सरळ हॉलवर आली, पायात बूट, पाठीवर पिशवी.

"आत्या! अगं, केस काय केलेस? शाळेतल्या पोरासारखी दिसतेस!"

बायका उठल्या, सिनीवाचे गाल ओढले गेले, तिच्या कमरेचा घेर मोजला गेला, होणाऱ्या नवऱ्याची चौकशी झाली. पिसिलानं तर त्याचे पाय किती मोठे तेही विचारलं आणि उत्तर ऐकून ओरडली, "वा गं वा! दोन डुकरं जास्त कापा!" या धुमाळीत कोणाचंच लक्ष नव्हतं. सिनीवानं बूट काढले, इकडं तिकडं पाहिलं, एक जागा मोकळी दिसली आणि ती तिथं मांडी घालून बसली. बस चालवणाऱ्या माणसाला मोकळी जागा दिसली की आणखी काय सुचणार?

नऊ बायकांच्या माना एकदम तिकडं वळल्या.

"ऊठ," लेसिएली म्हणाली.

"का गं? एक मिनिट थांब, हे जमतंय मला."

तिच्या हातात बोळा होता. ती घासत होती. फळीच्या फुगीर पाठीवरून नक्षी वर येत होती, काटेकोर, भरीव, आणि रेषा डाव्या हाताच्या असतात तशा उलट्या कलत होत्या.

"सिनीवा, ऊठ म्हणते ना!"

पोरगी उठली. तिला हसू आवरत नव्हतं. "काय गं आत्या, आधी शिकवायचं आणि मग ओरडायचं! आणि किती घट्ट धरतेस मनगट. हे बघ, वळ उठले."

तिनं हात पुढं केला. डाव्या मनगटावर तपकिरी रंगाची चार बोटं आणि एक अंगठा उमटला होता.

लेसिएली समोर उभी होती. मधे अख्खी फळी होती.

"पाठीमागून येऊन धरलंस ना तू?" सिनीवानं विचारलं. मग तिनं नऊ जणींची तोंडं पाहिली आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं.

४

लेसिएलीनं सिनीवाला हॉलवर यायची बंदी केली. नवरीनं कामाला हात लावू नये, असं कारण दिलं. असला रिवाज पृथ्वीवर कुठंच नाही, पण आत्यानं सांगितल्यावर भाची काय बोलणार? ती घरी बसून चुलतभावंडांसाठी कलिंगडाचं सरबत करू लागली.

पुढच्या मंगळवारी पलीकडच्या अर्ध्या भागाला कोणी हात लावला नाही. लेसिएलीला सुटल्यासारखं वाटलं. ती पूर्वीसारखी वळसा घालून गेली, वाकली आणि घासू लागली. नक्षी उठेना. ठसे जागेवर होते, रंग ताजा होता, तरी नुसता चिखलासारखा डाग वर यायचा. आणि ती परत आपल्या जागेवर बसली की मांडीला जाणवायचं.

ठक ठक.

पहिल्यांदा तिनं पिसिलाकडं पाहिलं. पिसिला आपल्या बोळ्याकडं पाहत होती, जरा जास्तच लक्ष देऊन. दुसऱ्यांदा लोसालिनेनं गाण्याचा आवाज चढवला. तिसऱ्यांदा परातीतल्या रंगावर गोल गोल वर्तुळं उठली, आणि नऊ जणींनी ती पाहिली, आणि नऊ जणी त्या दिराच्या दातांचं कडवं म्हणत राहिल्या.

लेसिएली मनाशी म्हणत होती, लाकूड उन्हानं तडकतं. दुपारी तडकतं, सकाळीही तडकत असेल. दोनदाच का तडकतं, एवढंच तिला सांगता येत नव्हतं.

जेवणाच्या वेळी पिसिलानं नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूचा पुडा तिच्या पुढ्यात आदळला.

"ऐक. मी आता एकदाच बोलते, मग हवं तर महिनाभर माझ्याशी बोलू नकोस."

"तू आणि महिनाभर गप्प?"

"विषय बदलू नको. आत्याबाई काय मागतायत ते तुला कळतं. आम्हाला पण कळतं. त्या पोरीला बसू दे."

"आणि तिला काही झालं तर? मनगट पाहिलंस ना तिचं? आज मनगट धरलं, उद्या..." लेसिएलीचे डोळे भरून आले. "माझ्या भावाची एकुलती एक पोर आहे गं ती. मी मंगळवार मंगळवार करत राहिले, त्याची शिक्षा तिला कशाला?"

पिसिलानं तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. "वेडी आहेस. तीस वर्षं ती बाई तुझ्यासमोर बसली. तुला शंभरदा फटकारलंन्‌, हजारदा हसवलंन्‌. कधी तुझ्या पोराबाळांच्या वाईटावर होती का? कापड पुरं करायचंय तिला. बास."

"तुला नाही वाटत भीती?"

"वाटते की! मी तिच्या शेजारी बसते, बये. माझी डावी मांडी तीन आठवडे गार आहे."

दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या आणि मग हसायला लागल्या, इतक्या की पिसिलाला ठसका लागला आणि तिच्या पाठीत बुक्के घालावे लागले. तेव्हाच, त्या हशातच, लेसिएलीचं ठरलं. आणि या वेळी तिनं मंगळवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, तिनं बाकी आठ जणींना बोलावलं आणि सिनीवाला घेऊन आली.

५

वाटेत तिनं पोरीला सगळं सांगितलं. सिनीवा म्हणाली, "आत्याआजी मला लहानपणी उसाचे करवे सोलून द्यायची. त्या हाताला काय घाबरायचं?" पण तिचा आवाज बारीक झाला होता.

ती बसली. नऊ जणींनी गाणं धरलं, घाईघाईनं, जरा बेसूरच. लेसिएली समोर बसली आणि तिनं ठरवलं की मान वर करायची नाही. फक्त हातांपुरतं पाहायचं.

बोळा फिरू लागला. सिनीवाचा उजवा हात कापड ताणून धरत होता, डावा घासत होता. नक्षी अशी वर आली जशी आत्याबाईंच्या भरातल्या दिवसांत यायची. लेसिएलीचाही हात सैल झाला, लय सापडली, फळी खालून गुणगुणायला लागली. तेव्हा ती विसरली आणि तिनं नजर जरा वर उचलली.

फळीपलीकडं तीन हात होते.

तिसरा डाव्यावर होता. सुरकुतलेला, पेरांत रंग बसलेला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी साल कुटताना चिरलेलं ते नख लेसिएलीनं स्वतः, शवपेटी बंद व्हायच्या आधी, हातमोज्याखाली झाकलं होतं. मनगटाच्या वर काय होतं ते तिनं पाहिलं नाही. सिनीवाच्या खांद्यामागं ऊन होतं, आणि उन्हात काहीतरी जरा पुढं वाकलेलं होतं, एवढंच.

"आत्या," सिनीवा पुटपुटली, "मला मागं बघायचं नाहीये."

"नको बघूस. घास."

लेसिएलीनं आपला मोकळा हात उचलला, बोटांची पेरं वळली आणि फळीवर ठोकलं. दोनदा. तीस वर्षांत तिला हे करायची हिंमत झाली नव्हती. मोठ्या माणसाला असं ठोकून दाखवायचं म्हणजे केवढा आगाऊपणा.

मग पलीकडून आलं, एकदाच, हलकं. ठक. चेष्टेत चापटी मारतात तसं.

पट्टा झाला. हात दोनच उरले. सिनीवानं आकडा घातला, आणि नऊच्या नऊ जणी उठून तिच्या गळ्यात पडल्या, रंगाच्या हातांनी, तिच्या पांढऱ्या सदऱ्याचा पार बट्ट्याबोळ करत. पिसिला मोठ्यानं रडत होती आणि रडता रडता आपली मांडी चाचपून ओरडत होती, "ऊब आली! बायांनो, ऊब आली!"

६

लग्नाच्या शनिवारी पन्नास पट्ट्यांचं कापड हॉलमधून नवऱ्या मुलाच्या घराकडं निघालं. पुढं चर्चचा बँड, मागं पोरंटोरं, आणि मधे दोन्ही कडा धरून मंडळाच्या बायका, जोडीजोडीनं, फळीवर बसायच्या त्याच क्रमानं. कमरेला सणासुदीला गुंडाळतात तशा कोऱ्या चटया, केसांत फुलं. नक्षी उन्हात अशी झळकत होती की रस्त्याकडेची म्हातारी माणसं ओट्यावरून उठून उभी राहिली. लोसालिनेचा दीर आपले सुप्रसिद्ध दात दाखवून नाचत होता.

सिनीवा आज नवरी होती, तिला कड धरता येणार नव्हती. त्यामुळं लेसिएलीच्या समोर कडेला कोणी नव्हतं. पिसिलानं मागून हाक मारली, "अगं, तुझ्यासमोर कापड लोंबेल! मनूसिऊला बोलावू का?"

"असू दे," लेसिएली म्हणाली.

कापड लोंबत नव्हतं. समोरची कड तिच्या कडेच्या बरोबर उंचीला होती, ताठ, वाऱ्यानंही न हलणारी. आणि मधूनच तिच्या बोटांना हिसका बसत होता. दोन हिसके. नीट धर. लेसिएलीनं मान खाली घातली आणि ती चालता चालता हसत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि लोक म्हणाले, भाचीचं लग्न, रडणारच बिचारी.

जेवणं झाली. उतरत्या उन्हात नाच चालू असताना ती नळावर हात धुवायला गेली. साबण लावला आणि थांबली. उजव्या मनगटावर चार बोटं होती, आणि एक अंगठा. तपकिरी. तिनं साबण चोळला, लिंबू चोळलं, काथ्यानं घासलं. कातडी लाल झाली, बोटं तशीच राहिली.

आत्याबाईंची जागा तर सिनीवाला देऊन झाली होती. मग आता हे कशाला?

ती आपल्या हाताकडं, पन्नाशी उलटलेल्या, सांधे सुजलेल्या त्या हाताकडं बघत राहिली. तेवढ्यात ताटांचा ढीग घेऊन मनूसिऊ तिथून चालली होती. सवयीनं तिनं विचारलं, उत्तराची आशा न ठेवता.

"ताई, मला कधी शिकवणार हो?"

"येत्या मंग..." लेसिएलीच्या तोंडून निघालं, आणि नळाखालची लाकडी बादली वाजली. ठक ठक.

"ठेव ती ताटं," लेसिएली म्हणाली. "चल."

"आत्ता? ताई, लग्न चालू आहे!"

"चालू दे."

तिनं मनूसिऊला हाताला धरून जवळजवळ पळतच हॉलवर नेलं. नाचाचा गलका इथपर्यंत येत होता, खिडक्यांतून सोनेरी ऊन फळीवर पडलं होतं. डब्याच्या तळाशी रंग उरला होता. उरलेला सालीचा एक तुकडा तिनं ठशांवर पसरला, मनूसिऊला आपल्या जागेवर बसवलं, आपण तिच्या पाठीमागं गुडघे टेकले आणि उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. डाव्या हातानं ती फळीला टेकली होती.

बोळा फिरला. नक्षी हळूहळू उमलली. मनूसिऊ आनंदानं लहान मुलीसारखी किंचाळली. "आलं! ताई, आलं बघा! पण दोन्ही हातांनी कशाला धरता हो एवढं घट्ट?"

लेसिएलीनं एकाच हातानं धरलं होतं.

"घास तू," ती म्हणाली. "सवय होईल."